साकवावरून विधानभवनात

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एक पऱ्या, म्हणजे लहानसा ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात गुरांचे खूर भिजायची मारामार, आणि आषाढात मात्र पोरांची शाळा दोन-दोन दिवस बंद. तिथे साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता लहान पूल व्हावा म्हणून आमच्यातलाच एकजण ग्रामपंचायतीला उभा राहिला. नाव घेत नाही, कारण गृहस्थ हयात आहेत आणि रेडिओ ऐकतात. पुढे ते पंचायत समितीचे सभापती झाले, मग जिल्हा परिषदेत गेले आणि शेवटी आमदार झाले.

१ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हापासूनची ही मळलेली वाट. कोकणात मात्र आमदारकीला दुसरीही वाट आहे, ती मुंबईवरून येते. नारायण राणे १९८५ साली मुंबईत नगरसेवक झाले, १९९० साली मालवणातून आमदार आणि १९९९ साली मुख्यमंत्री. आम्हाला यात नवल वाटलं नाही. आमचं अर्धं घर मुंबईतच असतं. इथला उमेदवार ग्रामदेवतेपुढे नारळ फोडतो आणि पुढच्या रविवारी लालबागला नाहीतर नालासोपाऱ्याला वाडीच्या मंडळात चहा पितो. मंडळाने मान हलवली, की गावचं मत ठरलं म्हणायचं.

पण ज्या मुंबईने आमदार दिले, तिनेच जागाही नेल्या. माणसं तिकडे गेली, आणि मतदारसंघ तर डोकी मोजून आखतात. २००१च्या जनगणनेवर फेररचना झाली आणि २००९च्या निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्याच्या सात जागांच्या पाच झाल्या. खेड आणि संगमेश्वर ही मतदारसंघांची नावंच पुसली गेली. पुढच्या जनगणनेत तर जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली.

तर आमचे आमदार. पहिल्याच अधिवेशनाला निघाले तेव्हा त्यांच्या पिशवीत एक लांबुडकी वही होती. कुठल्या वाडीची पायऱ्यांची पाखाडी खचली, कुठे स्मशानशेड नाही, कुठला साकव कोणाच्या सातबाऱ्यात अडकलाय, सगळं त्यात. त्या वहीवर ते निवडून आले होते. माझी तक्रार एवढीच, की सभागृहातही ते त्या वहीतून बाहेर आले नाहीत. दोष त्यांचा एकट्याचा नाही. कायद्याचं काय केलंत, असं आम्ही तरी कधी विचारलं?

वास्तविक कायद्याने काय होतं हे कोकणाला सांगायला नको. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या जमिनी कसल्या नाहीत. स्वतःच्या चुली थंड ठेवून. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. कायदा झाला १९४९ साली. माझे आजोबा खोताच्या अंगणात चपला हातात घेऊन जात, माझे वडील गेले नाहीत. मधल्या काळात एक साकवसुद्धा झाला नव्हता.

म्हणून साकव नको, असं नाही. पऱ्याच्या काठावर उभं राहून तसं म्हणून दाखवावं कोणी! आणि वही लिहायला शिकवणारी शाळा तरी कुठे धड चालू राहिली? २०२२ साली जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक पावसाळे प्रशासकाच्या सहीवर गेले. त्या वर्षांत सभापती व्हायच्या वयाची पोरं थेट आमदारांच्या मागच्या गाडीत बसायला शिकली.

आमच्या गृहस्थांना दुसऱ्या वेळी तिकीट मिळालं नाही. मागच्या श्रावणात ते साकवावर भेटले. छत्री काखेत धरून कठड्याचा लोखंडी पाइप दोन्ही हातांनी हलवून बघत होते. मला म्हणाले, "बोल्ट सैल झालाय रे. ग्रामसेवकाला सांगितलंत का कोणी?"