उठण्याची वेळ एकच ठेवा

नमस्कार, श्रोतेहो.

‘आनंदी राहा, चिंता करू नका’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण हुकूम सोडून मन आनंदी होत नाही. आपल्या हातात असतं ते उठणं, झोपणं, चालणं आणि चार माणसांशी बोलणं. मनाची घडी बसते ती यातूनच. यातली एकच सवय लावून घ्यायची असेल, तर रोज ठरल्या वेळी उठायची लावून घ्या.

आपल्या मेंदूत शरीराचं मुख्य घड्याळ आहे. अशी घड्याळं पेशींच्या आत कशी चालतात, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. बहुतेक माणसांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा जरा लांब चालतं. रोज सकाळी ते जुळवून घ्यावं लागतं आणि ते काम डोळ्यांत शिरणारा उजेड करतो. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड साधारण दोन-तीनशे लक्स भरतो; लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी तो काही हजार लक्स असतो. म्हणून खिडकीपाशी पेपर वाचत बसणं पुरत नाही. गॅलरीत, गच्चीवर किंवा रस्त्यावर यायला हवं.

उठल्यावर तासाभरात वीस मिनिटं बाहेर काढा, पावसाळ्यात अर्धा तास. सूर्याकडे टक लावून मात्र बघू नका, त्याने डोळ्यांना इजा होते. पुण्यात जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो, मे महिन्यात सहाच्या सुमारास. त्यामुळे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला पर्वती चढून सव्वासहाला घरी परतणाऱ्यांना व्यायाम मिळतो, उजेड मिळत नाही. त्यांनी एकतर उशिरा निघावं, नाहीतर सकाळचा चहा गच्चीवर घ्यावा. गुडघे कुरकुरत असतील तर पायऱ्या उतरताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. अशांनी सारसबागेत सपाटीवर चालावं. वेग असा ठेवा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्याला असं दीडशे मिनिटं चालणं पुरेसं आहे.

ही सवय मोडते ती रविवारी. दहापर्यंत झोपलं की उजेड उशिरा मिळतो, घड्याळ मागे पडतं, रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही आणि सोमवारची सकाळ चिडचिडीत जाते. सुट्टीच्या दिवशी फार तर एक तास उशीर चालेल. झोप अपुरी झाली असेल तर रात्री लवकर आडवं व्हा, किंवा दुपारी वामकुक्षी घ्या. पुण्याला ही सवय आहेच, आणि ती चांगली आहे. फक्त वीस मिनिटांचा गजर लावा आणि तीनच्या आत उठा. त्याहून जास्त झोपलं की गाढ झोप लागते, उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप पळते.

चहाचंही तसंच. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही शरीरात असतं. संध्याकाळी सहाला टपरीवर घेतलेला कटिंग रात्री अकरालाही अंगात असतो. झोपेची तक्रार असेल तर चारनंतर चहा-कॉफी बंद करून आठवडाभर फरक पाहा.

दिवा मालवला की उद्याची कामं डोक्यात फेर धरतात. त्यासाठी रात्री नऊच्या सुमारास दहा मिनिटं कागद-पेन घेऊन बसा. ‘आईची तब्येत’ असं लिहून उपयोग नाही, त्याने काळजी आणखी वाढते. ‘सकाळी दहाला लॅबमधून रिपोर्ट आणणे’ असं लिहा. पुढचं पाऊल कागदावर उतरलं की मन ते सोडून देतं. त्याच पानावर, आठवड्यातून दोन-तीन वेळा, त्या दिवशी झालेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा, आणि त्या का झाल्या तेही. ‘घरचे सगळे चांगले आहेत’ हे वाक्य चौथ्या दिवशी निर्जीव होतं. ‘शेजारच्या काकूंनी आमटीची वाटी आणून दिली, मी कालपासून आजारी आहे हे त्यांच्या लक्षात होतं’ हे वाक्य महिन्यानेही ताजं राहतं. शिवाय त्या काकूंशी उद्या काय बोलायचं, तेही कळतं.

माणसांची ओढ हा आनंदाचा मोठा आधार आहे. रात्रीचं जेवण एकत्र घ्या आणि तेवढा वेळ सगळ्यांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा घातलेला फोनही लक्ष खेचू शकतो. एकटे राहत असाल तर रोज ठरल्या वेळी एकाला तरी फोन करा. नुसता मेसेज नको, आवाज ऐकू यायला हवा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, जगणं नको वाटत असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. तिथे सवयींच्या भरवशावर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येतं.

नमस्कार.