किलिंदिनी : खोल पाण्याचं बंदर

स्वाहिली भाषेत बंदराला 'बंदारी' म्हणतात. आपल्या कानाला ओळखीचा वाटणारा हा शब्द, आणि त्यात नवल काही नाही. शेकडो वर्षं अरबस्तानातून, हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून गलबतं 'कास्काझी' म्हणजे ईशान्येच्या वाऱ्यावर आजच्या केनियातल्या मोंबासा बेटावर यायची. एप्रिलच्या सुमारास वारा फिरून 'कुसी' सुरू झाला की हस्तिदंत भरून माघारी निघायची.

1593 मध्ये पोर्तुगिजांनी इथे फोर्ट जीझस बांधायला घेतला. त्याच्या भिंतीजवळ जाऊन पाहा. दगडात प्रवाळाची बारीक छिद्रं अजून दिसतात, समुद्रातूनच उचललेली ही भिंत. 1696 मध्ये ओमानी अरबांनी किल्ल्याला वेढा घातला. आतली माणसं रोगराईने पटापट मेली. दोन वर्षं उलटून गेल्यावर, डिसेंबर 1698 मध्ये किल्ला पडला. गोव्याहून निघालेली कुमक पोहोचली ती त्यानंतर काही दिवसांनी. किल्ला गेलेला पाहून ती जहाजं तशीच परतली.

जुनं बंदर बेटाच्या पूर्वेला. मोठ्या आगबोटींना मात्र पश्चिमेची खाडी हवी होती : किलिंदिनी. नावाचा अर्थच खोल पाण्याची जागा. 1896 मध्ये इथूनच युगांडा रेल्वेचं काम सुरू झालं. रूळ, इंजिनं, सगळं बोटीने आलं. आणि आले हिंदुस्थानातले सुमारे 32 हजार मजूर, बहुतेक पंजाबातले. जवळपास अडीच हजार जण त्या कामात दगावले. 1901 मध्ये गाडी व्हिक्टोरिया सरोवराला लागली, तेव्हा बंदराला पाठीमागचा अख्खा मुलूख मिळाला. मोंबासाचं आजचं मोठेपण त्या माणसांच्या घामावर उभं आहे, हे इथे सांगायलाच हवं.

2024 मध्ये या बंदराने वीस फुटी मापाने 20 लाखांहून जास्त कंटेनर हाताळले. त्यातला बराच माल केनियाचा नसतोच. तो युगांडा, रवांडा, दक्षिण सुदान, पूर्व काँगोकडे जातो. परतीच्या वाटेने चहा येतो. मोंबासाच्या लिलावात केनियाबरोबर शेजारच्या देशांचाही चहा विकला जातो. लिलावाआधी चाखणारे एकेक चमचा फुर्रकन ओढतात, जिभेवर घोळवतात आणि थुंकून पुढच्या कपाकडे वळतात.

2008 च्या सुरुवातीला केनियात निवडणुकीनंतर दंगली उसळल्या. नैरोबीच्या किबेरा वस्तीत लोकांनी रूळ उखडले, महामार्गावर ट्रक अडकले. बंदरात जहाजं होती, माल होता. आणि तिकडे युगांडात, पेट्रोल पंप कोरडे पडले होते.