डिझेल ट्रकला युरिया कशाला लागतो?

नमस्कार मंडळी! नव्या ट्रकच्या डिझेल टाकीजवळ निळ्या झाकणाची एक छोटी टाकी असते. तिच्यात डीईएफ, म्हणजे डिझेलचा धूर साफ करणारं द्रावण (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड), भरतात. ड्रायव्हर त्याला सरळ युरिया म्हणतात, आणि ते बरोबरच आहे: 32.5 टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी.

हा खटाटोप कशासाठी? धुरातला घातक नायट्रोजन ऑक्साइड घालवण्यासाठी. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं प्रमाण 14.7 ला 1 च्या आसपास ठेवतात. धुरात मोकळा ऑक्सिजन फारसा उरत नाही, म्हणून कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, कार्बन मोनॉक्साइड नायट्रोजन ऑक्साइडचाच ऑक्सिजन ओढून घेतो. डिझेलमध्ये मात्र हवा कायम जास्तीची. कार्बन मोनॉक्साइडला आयता ऑक्सिजन मिळतो, आणि नायट्रोजन ऑक्साइड तसाच बाहेर पडतो.

मग युरिया फवारायचा. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो. आता गंमत बघा: आजूबाजूला एवढा ऑक्सिजन असूनही, योग्य उत्प्रेरकावर अमोनिया नेमका नायट्रोजन ऑक्साइडलाच गाठतो. उरतो नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. मला हे रसायनशास्त्रातलं फार देखणं काम वाटतं.

उत्प्रेरक म्हणजे बहुधा तांबं बसवलेला झिओलाइट, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा खनिजासारखा पदार्थ. झेडएसएम-5 या जातीची छिद्रं साधारण 5.5 अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). काजळीचा फिल्टर जाळून साफ करताना धूर 600 अंशांच्या वर जातो, आणि त्यातली वाफ झिओलाइटच्या सांगाड्यातलं ॲल्युमिनियम उपटते. एसएसझेड-13 या दुसऱ्या जातीची छिद्रं मात्र 3.8 अँगस्ट्रॉमची. सुटलेलं ॲल्युमिनियम एवढ्याशा वाटेनं बाहेर पडत नाही, म्हणून सांगाडा टिकतो, असं संशोधक मानतात. दीड-दोन अँगस्ट्रॉमचा फरक, पण ट्रकचा उत्प्रेरक त्यावर जगतो!

आणि कृपा करून शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतू नका. खताच्या युरियात बाययुरेट (युरिया तापल्यावर तयार होणारी भेसळ) 1.5 टक्क्यांपर्यंत चालतं, डीईएफमध्ये फक्त 0.3. शिवाय आपल्याकडचा खताचा युरिया निंबोळी तेल लावलेला. नोझल तुंबतं, आणि पाण्यातले सोडियम-कॅल्शियमचे क्षार उत्प्रेरक निकामी करतात.

बीएस-6 हे भारतातले धुराचे नियम आल्यापासून, म्हणजे 1 एप्रिल 2020 पासून, जड ट्रकची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा 3.5 वरून 0.46 ग्रॅम प्रति किलोवॅट-तासावर आली. पण शहरातल्या रांगत्या वाहतुकीत धूर 200 अंशांच्या खाली राहिला, की युरिया नीट फुटतच नाही. तेव्हा फवारा कमी करावा लागतो किंवा थांबवावा लागतो, आणि नायट्रोजन ऑक्साइड निसटतो. हल्लीचं बरंच संशोधन याच थंड धुराच्या मागे लागलंय.