मेल सर्व्हरनं ‘नाही’ कधी म्हणावं

नमस्कार. स्वतःचा मेल सर्व्हर चालवणारी बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून थेट कामाचं बोलतो. स्पॅम फिल्टरचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, किती टक्के स्पॅम पकडतो? माझ्या लेखी त्याच्याआधी दुसरा प्रश्न आहे. खऱ्या माणसाचं पत्र चुकून अडलं, तर ते अडल्याचं त्याला कळतं का?

ही चिंता जुनी आहे. जॉन पोस्टेल यांनी नको असलेल्या मेलवर १९७५ मध्येच एक टिपण लिहिलं होतं. त्रास देणाऱ्या यंत्राकडून आलेले संदेश नाकारायची सोय घेणाऱ्याकडे हवी, असा त्याचा आशय. मग ३ मे १९७८ ला डेक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या, सुमारे ४०० लोकांना आपल्या संगणकांची जाहिरात पाठवली. पुढे १९८२ मध्ये पोस्टेल यांनीच एसएमटीपी, म्हणजे मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याचे नियम, लिहिलं. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्यात नव्हती. पण नाकारायची सोय मात्र पक्की होती, आणि आपलं सगळं काम तिच्यावर उभं आहे.

एसएमटीपीत प्रत्येक पायरीवर आकड्यात उत्तर द्यावं लागतं. २ ने सुरू होणारं म्हणजे ठीक, ४ ने सुरू होणारं म्हणजे आत्ता नाही, नंतर या, आणि ५ ने सुरू होणारं म्हणजे नाही. मजकूर पूर्ण आल्यावर तुम्ही २५० म्हणालात की ते पत्र पोचवायची, नाहीतर पोचलं नाही हे कळवायची जबाबदारी तुमची. त्याआधी ५५० म्हणालात, तर पाठवणाऱ्याचा स्वतःचा सर्व्हर त्याला निरोप देतो. २५० म्हटल्यानंतर मात्र सगळ्या वाटा वाईट. गुपचूप फेकून दिलं, तर कुणाचा नोकरीचा अर्ज गेला हे कुणालाच कळणार नाही. परत पाठवलं, तर स्पॅमवरचा पत्ता बहुधा खोटा असल्यानं ते तिसऱ्याच निरपराध माणसाच्या अंगावर जातं, आणि तसं करणारे सर्व्हर स्वतःच काळ्या यादीत, म्हणजे त्रास देणाऱ्या सर्व्हरांच्या यादीत, जातात.

म्हणून पोस्टफिक्सला, म्हणजे मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रोग्रामला, आरस्पॅमडी ही स्पॅमची गाळणी मिल्टरनं, म्हणजे पत्र येत असतानाच तपासू देणाऱ्या जोडणीनं, जोडा. तपासणी २५० च्या आधी होते. जुन्या मार्गदर्शकांत मेल आधी रांगेत घेऊन मग गाळायची पद्धत दिसेल. ती आता नवीन सर्व्हरवर उभारू नका.

मजकूर वाचायच्या आधी स्वस्तात बरंच काम होतं. पोस्टफिक्सचाच पोस्टस्क्रीन हा भाग दारात आलेल्या सर्व्हरला स्वागताची अर्धवट ओळ दाखवून सहा सेकंद थांबवतो. शहाणा सर्व्हर पूर्ण स्वागताची वाट पाहतो, स्पॅम ओतणारा प्रोग्राम घाईनं आधीच बोलायला लागतो आणि तिथेच पकडला जातो. मला ही युक्ती फार आवडते, कारण पत्रात काय लिहिलंय याच्याशी तिचा संबंधच नाही.

मग काळ्या याद्या, आणि इथे जरा थांबतो. स्पॅमहाउससारख्या याद्या डीएनएसवरून, म्हणजे इंटरनेटवरची नावं-पत्ते शोधायच्या यंत्रणेवरून, विचारता येतात, पण तुमच्या सर्व्हरवर ८.८.८.८ सारखा सार्वजनिक रिझॉल्व्हर (हे प्रश्न विचारून उत्तर आणणारा सर्व्हर) असेल तर स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही. १२७.२५५.२५५.२५४ असा त्रुटीचा संकेत येतो. तुमची रचना ‘काहीही उत्तर आलं म्हणजे नाव यादीत आहे’ असं समजत असेल, तर येणारं प्रत्येक पत्र नाकारलं जाईल. त्याच यंत्रावर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा, आणि कोणत्या उत्तराला काय मानायचं ते स्पष्ट लिहा. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी लोकांनी ती सेटिंगमधून काढली नाही. मार्च २००८ मध्ये ती विचारलेल्या प्रत्येक पत्त्याला ‘हो, यादीत आहे’ असं सांगू लागली, आणि विसरलेल्या त्या एका ओळीमुळे अनेक ठिकाणी येणारा सगळा मेल अडला. यादी वापरणं म्हणजे आपला निर्णय दुसऱ्याच्या हाती देणं. एकाच यादीच्या शब्दावर ५५० देऊ नका, गुण द्या.

आरस्पॅमडी हेच करतो. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पाठवणाऱ्याची ओळख तपासायच्या तीन पद्धती), याद्या, दुवे, सगळ्यांचे गुण मिळून बेरीज. मुळातल्या मांडणीत ४ गुणांना ग्रेलिस्टिंग, म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’ असं सांगणं, ६ ला पत्राच्या हेडरमध्ये (मजकुराच्या आधीच्या तांत्रिक माहितीत) खूण, १५ ला नकार. सुरुवातीला हे आकडे तसेच ठेवा, लॉग वाचा, मग हलवा. ग्रेलिस्टिंग सरसकट सगळ्यांना लावू नका. बँकेचा ओटीपी उशिरा आला तर तो निरुपयोगी असतो.

६ ते १५ मधला मेल संशयित. तो सिव्हच्या, म्हणजे पत्रं फोल्डरात लावायच्या भाषेतल्या, नियमानं जंक फोल्डरात टाका, आणि डव्हकॉटमध्ये, म्हणजे मेलपेट्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, अशी सोय करा की कुणी पत्र जंकमध्ये हलवलं किंवा तिथून बाहेर काढलं की बेजला शिकवण मिळेल. बेज म्हणजे शब्दांवरून शक्यता काढणारा भाग. दोन्ही बाजूंची किमान २०० पत्रं शिकवल्याशिवाय तो बोलत नाही.

मराठी माणसांच्या सर्व्हरवर इथे एक वेगळीच अडचण येते. आपला आपसातला पत्रव्यवहार मराठीत आणि स्पॅम बहुतेक इंग्रजीत. एवढंच शिकवलंत तर बेज स्पॅम ओळखायला शिकत नाही, भाषा ओळखायला शिकतो. मग पुरवठादाराचं इंग्रजी बिल जंकमध्ये जातं, आणि एनए प्लॉटची मराठी जाहिरात मानानं इनबॉक्सात बसते. म्हणून चांगल्या पत्रांत इंग्रजी बिलं, तिकिटं, बँकेची पत्रं मुद्दाम शिकवा, आणि मराठी स्पॅम आला की तो नुसता पुसू नका, जंकमध्ये हलवा.

नकाराचा मजकूरही माणसासाठी लिहा. का नाकारलं आणि दुसरा संपर्क कुठला, हे ५५० च्या ओळीत बसतं. पोस्टमास्टरचा, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याचा, पत्ता गाळणीच्या बाहेर ठेवा, अडलेला माणूस तिथेच लिहिणार.

एका ताईंनी मघाशी विचारलं होतं, दुसरा राखीव सर्व्हर हवा का? लहान संस्थेला नको. तुमचा सर्व्हर बंद असला तर पाठवणारे सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. राखीव सर्व्हरवर गाळणी ढिली असते हे स्पॅम पाठवणाऱ्यांना ठाऊक आहे, ते मुद्दाम तिकडूनच शिरतात. राखीव सर्व्हर २५० म्हणून पत्र घेतो आणि मुख्य सर्व्हर तेच नाकारतो, म्हणजे परतीचं पत्र पुन्हा खोट्या पत्त्यावर. ठेवायचाच असेल तर त्याच्यावर तीच गाळणी, त्याच याद्या आणि खऱ्या पत्त्यांची तीच सूची हवी.