पाण्यात म्हैस आणि वर मोल: वापरलेल्या गेमिंग लॅपटॉपचा भाव

सेकंडहँड गेमिंग लॅपटॉपच्या बहुतेक जाहिराती एकाच वाक्याने सुरू होतात: ‘नवा 1 लाख 10 हजारांना घेतला होता.’ घेतला असेल. पण घेणाऱ्याला त्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं. तेवढंच काम करणारा नवा लॅपटॉप आज दुकानात कितीला मिळतो, एवढंच तो बघतो.

2021चा, एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3060 या ग्राफिक कार्डाचा लॅपटॉप घ्या. गेममध्ये त्याची बरोबरी साधारण आरटीएक्स 4050च्या लॅपटॉपशी होते. व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, दोघांची 6 जीबीच, वर 4050ला एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन (मधल्या जादा फ्रेम कार्डानेच तयार करणं) मिळतं, 3060ला मिळत नाही. असा नवा लॅपटॉप वर्षाच्या वॉरंटीसह समजा 75 हजारांना मिळत असेल, तर वॉरंटी संपलेल्या 3060ची बोलणी त्याच्या निम्म्यापासून सुरू होतात आणि फार तर साठ टक्क्यांवर थांबतात. म्हणजे साधारण 37 ते 45 हजार. बिल दीड लाखाचं असलं तरी.

हा झाला घरबसल्या केलेला अंदाज. आता म्हैस पाण्याबाहेर काढून बघायची.

पहिली गोष्ट वॅट, म्हणजे कार्डाला किती वीज मिळते. एनव्हिडियाने 2021मध्ये 30 मालिकेपासून ‘मॅक्स-क्यू’ हा कमी वॅटच्या कार्डांचा शिक्का कार्डाच्या नावातून काढून टाकला. तेव्हापासून एकाच नावाखाली बारीक आणि दणकट दोन्ही कार्डं विकली जातात. लॅपटॉपमधलं 3060 हे 60 वॅटचंही असतं आणि 115 वॅटचंही. पातळ लॅपटॉपमधलं पहिलं आणि जाड लॅपटॉपमधलं दुसरं यांना एकच भाव देणं म्हणजे शुद्ध नुकसान. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये हेल्प, मग सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. तिथे ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ या ओळीत आकडा लिहिलेला असतो. विकणाऱ्याने त्याचा फोटो जाहिरातीतच टाकावा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. 4050 आणि 4060 मात्र साधारण 100 वॅटच्या पुढे फारसे पळत नाहीत, त्यामुळे तिथे 140 वॅटच्या कौतुकाला जादा पैसे मोजू नका.

नावाचा आणखी एक घोळ. डेस्कटॉपचं 3060 बहुतेक बारा जीबीचं, लॅपटॉपचं सहा जीबीचं. जाहिरातीत बारा लिहिलेलं दिसलं तर लिहिणाऱ्याने आकडे नेटवरून उचललेत, लॅपटॉप उघडून पाहिलेला नाही. 3050 चार जीबीचंही आहे आणि सहाचंही. 3080 आठ आणि सोळा दोन्हींत निघालं. त्यातल्या सोळावाल्याला आज गेम खेळणाऱ्यांपेक्षा घरी एआय मॉडेल चालवणारे जास्त भाव देतात.

भाव रोज थोडाथोडा उतरत नाही, पायरी-पायरीने कोसळतो. लॅपटॉपची 30 मालिका जानेवारी 2021मध्ये जाहीर झाली, 40 जानेवारी 2023मध्ये, 50 जानेवारी 2025मध्ये. विकायचंच असेल तर नव्या मालिकेच्या आधीच्या दिवाळीपर्यंत थांबू नका. जून-जुलैत, कॉलेजचे प्रवेश चालू असताना, गिऱ्हाईक जास्त असतं आणि दसरा-दिवाळीचे सेल अजून लांब असतात. सगळ्यात मोठी पायरी ऑक्टोबर 2025मध्ये कोसळली. 14 तारखेला विंडोज 10चा आधार संपला आणि त्याच महिन्यात एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स 10 मालिकेसाठी गेम-रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी कार्डाचं सॉफ्टवेअर) देणंही थांबलं. इंटेल सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि जीटीएक्स 1050 असा लॅपटॉप विंडोज 11च्या अधिकृत यादीत बसत नाही आणि त्याला नवे गेम ड्रायव्हरही नाहीत. तो आता गेमिंग लॅपटॉप म्हणून विकू नये. कागदपत्रं, शाळा, सिनेमा एवढ्यासाठी विकावा. जीटीएक्स 1650ला ड्रायव्हर मिळतात, पण काही नवे मोठे गेम हार्डवेअर रे-ट्रेसिंगशिवाय (प्रकाश-सावलीचं गणित कार्डातच करण्याची सोय) सुरूच होत नाहीत, म्हणून त्यालाही उतरती कळा आहे.

आता तपासणी. लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड मदरबोर्डावर सोल्डर केलेलं असतं, ते गेलं की बहुतेक वेळा सगळा बोर्डच बदलावा लागतो. म्हणून अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मूळ चार्जर लावा, परफॉर्मन्स मोड चालू करा, तापमान आणि वॅट दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅमचे सेन्सर समोर ठेवा आणि कार्डावर पूर्ण ताण देणारा फरमार्क 15 मिनिटं चालवा. कार्ड 75 ते 85 अंशांत स्थिरावून वॅट टिकवत असेल तर ठीक. 87च्या आसपास अडकून वॅट घसरू लागले तर चिपची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळली आहे किंवा जाळीत धुळीचा थर बसला आहे. कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) यांत 10-15 अंशांचा फरक असतोच. वीसच्या वर गेला तर तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी पेस्ट चिपच्या मधून कडेला सरकली आहे असं समजा. प्रोसेसरचे 95 अंश पाहून मात्र घाबरू नका, या जातीच्या लॅपटॉपना ते नेहमीचं. पंखा पूर्ण वेगात असताना कान जवळ न्या. खरखर ऐकू आली तर बेअरिंग झिजलं आहे. 2021-22मध्ये मायनिंगला (क्रिप्टो चलन मिळवायला रात्रंदिवस) लावलेल्या लॅपटॉपचे पंखेच आधी बोलतात.

पेस्ट बदलणं किरकोळ काम आहे, पण काही महागड्या मॉडेलांत प्रोसेसरवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, असतं. ते वीज वाहून नेतं आणि ॲल्युमिनियम खातं. थेंबभर बाहेर सांडला तर बोर्ड शॉर्ट. असा लॅपटॉप कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने उघडला असेल तर भाव खाली आणा.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, मग स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाका. जी फाइल तयार होते तिच्यात ‘फुल चार्ज कपॅसिटी’ला ‘डिझाइन कपॅसिटी’ने भागा. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सरळ वजा करा. टचपॅड वर उचललेला किंवा खालचं कव्हर फुगलेलं दिसलं तर टक्के बघत बसू नका, ती बॅटरी आधी काढायची. चार्जरवरचं लेबलही वाचा: 20 व्होल्ट गुणिले 11.5 ॲम्पियर म्हणजे 230 वॅट. मूळ 230चा हरवून 120चा जोडला असेल, तर खेळताना लॅपटॉप मंद होईल किंवा चार्जिंगला असूनही बॅटरी उतरत जाईल.

बिजागरी हा स्वस्त मॉडेलांचा कच्चा दुवा. स्क्रू पितळी नटांत बसतात, नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांत. बिजागरी आवळत जाते आणि एक दिवस खुंट्याच उपटून येतात. स्क्रीन एका कोपऱ्याने सावकाश उचला. कडेचं प्लॅस्टिक फाकलं की समजलं. एपॉक्सीने चिकटवलेलं फार दिवस टिकत नाही.

वाढवलेल्या रॅमचे पैसे एरवी परत मिळत नसत. 2025च्या अखेरीपासून मेमरीचे भाव इतके चढले की हा हिशोब उलटला. 32 जीबीच्या जोडीचा बाजारभाव आधी काढा; कधीकधी मूळ 8 किंवा 16 जीबी परत बसवून जोडी वेगळी विकणं फायद्याचं ठरतं. पण एकच पट्टी ठेवून विकलात तर चाचणीत फ्रेम कमी दिसतील आणि दोष कार्डावर येईल.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कॉम्प्युटर दुकानदार थेट गिऱ्हाइकापेक्षा कमीच देणार, कारण पुढच्या गिऱ्हाइकाची तक्रार तो अंगावर घेतो.

देण्याआधी बायोसचा (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगचा) पासवर्ड काढा, मायक्रोसॉफ्ट खात्यातून लॅपटॉप वगळा, मग रीसेटमध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘क्लीन डेटा’ चालू करा. घेणाऱ्याने बिल, तळाचं लेबल आणि बायोस या तिन्ही ठिकाणचा सिरियल नंबर जुळवावा आणि रीसेटनंतर लॅपटॉप आपल्यासमोर वाय-फायला जोडायला लावावा. तिथे एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागितलं गेलं, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या खात्यात आहे. पैसे खिशातच राहू द्या.