उचलीची वही

नमस्कार श्रोतेहो. परीक्षा संपल्या, घरं बदलायचे दिवस आले. घोडबंदर रोडला आणि खारघरला सकाळी सातपासून टेम्पो लागलेत. दोन बेडरूमचं घर म्हणजे चार-पाच माणसं, तीस-चाळीस खोके आणि एक चौदा फुटी गाडी, हे काही तुम्हाला सांगायला नको. आज बोलायचंय ते सामान हलवणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या मालकांशी. घर बदलणाऱ्यांनीही ऐकावं. प्रश्न एकच आहे: फ्रीज पाठीला लावून चार मजले उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, किती आहे, आणि ती कुणाच्या वहीत लिहिली आहे?

चार मजले तो पायऱ्यांनी का उतरतो, हाही प्रश्न आहेच म्हणा. कुत्र्याला चालते ती लिफ्ट हमालाला का चालत नाही, हे सोसायटीच्या कमिटीने एकदा सांगावं. असो.

उचलीपायी बांधला गेलेला माणूस म्हणजे वेठबिगार. तो म्हटलं की डोळ्यांपुढे वीटभट्टी येते. टेम्पो येत नाही. म्हणून आधी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली एक हकिकत ऐका.

साल १९४५. तेव्हा उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. आज त्यातला काही भाग पालघरच्या तलासरीत आहे, काही गुजरातेत. तिथल्या वारल्यांमध्ये ‘लग्नगडी’ असायचे. लग्नाला पैसा नाही, म्हणून जमीनदाराकडून उचलायचा आणि तो फिटेस्तोवर त्याच्याकडे राबायचं. नवरी आली की तिनेही राबायचं. रक्कम डोंगराएवढी नसे. पण मजुरीपोटी किती वळते झाले, व्याज किती चढलं, ते लिहिणार जमीनदार, आणि गड्याला वाचता येत नाही. वही एकाच्याच हातात! मग कर्ज फिटणार कसं? बापाचं राहिलं की मुलगा राबायचा.

त्या जानेवारीत टिटवाळ्याला, हो, आपल्या गणपतीच्या टिटवाळ्याला, किसान सभेचं अधिवेशन भरलं. उंबरगावकडचे काही वारली तिथे येऊन पोचले. पुढे किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या रानात गेले, पाड्यापाड्यांतून हिंडले. २३ मे रोजी झरी गावात सभा झाली, हजारो वारली आले. ठरलं ते असं: फुकट वेठ करायची नाही, आणि दिवसाचे रोख बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतात पाय ठेवायचा नाही. मग लाल बावटा घेऊन टोळ्या गावोगाव निघाल्या. गड्यांना सांगत गेल्या, तुम्ही मोकळे झालात, चला. आणि गडी निघाले! कुणाचं किती फिटलं, किती राहिलं, हे जमीनदाराच्या वहीत बघायला कुणी थांबलं नाही. त्या वहीला वही मानणंच त्यांनी सोडून दिलं. सोपं नव्हतं ते. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळ्यांनी पाच वारली गेले.

झरीत जे झालं ते कायद्याच्या पुस्तकात यायला १९७६ उजाडलं. वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीचं कर्ज रद्दच केलं. ते वसूल करणं हा गुन्हा. कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारीही देणाऱ्याची, घेणाऱ्याची नाही. आणि १९८२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच.

आता तुमच्या ऑफिसात येऊ. उचल देणं गुन्हा नाही. उचलीपायी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल, गावी जाता येत नसेल, तर ती वेठबिगारी. तेव्हा उचल पंधरा दिवसांच्या पगाराहून जास्त नको, व्याज नको, आणि नोंद दोन प्रतींत. एक प्रत त्याच्या खिशात. पुन्हा सांगतो, एक प्रत त्याच्या खिशात. माणूस सोडून गेला तर राहिलेली रक्कम सोडून द्या, माणसं पुरवणाऱ्या मुकादमाला त्याच्या मागे गावी पाठवू नका. आधार कार्ड बघा, शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत ठेवा, मूळ कार्ड तिथल्या तिथे परत. काच फुटली, टीव्ही पडला, तर भरपाई सामानाच्या विम्यातून. मजुरीतून नाही.

खरी गफलत मुकादमाकडे होते. सीझनमध्ये वर्द्या, म्हणजे घरं हलवायची कामं, वाढल्या की तुम्ही त्याच्याकडून दहा माणसं घेता आणि दहांचे पैसे त्याच्या हातावर ठेवता. तो त्यांना आठवड्याला खर्ची देतो, ‘हिशोब गावी जाताना’ म्हणतो. पुन्हा वही एकाच्याच हातात. माथाडी कायद्याने १९६९ मध्येच यावर तोड काढली होती. मालकाने मजुरी माथाडी मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला द्यायची, मधल्याचा हात पैशाला लागत नाही. तुम्हीही मजुरी ज्याची त्याच्या खात्यात टाका. मग महिन्याची यादी खाते क्रमांकाप्रमाणे लावा. दोन नावांपुढे एकच खातं किंवा एकच मोबाइल नंबर दिसला की समजा, पैसे तिसऱ्याकडे जातायत. मुकादमाचा भावही गुणून बघा. दिवसाचं किमान वेतन गुणिले माणसं गुणिले दिवस, वर त्याचा हिस्सा. भाव याहून कमी आला तर स्वस्त मिळालं म्हणून खूश होऊ नका. (तीन ठिकाणचे भाव मागवून सर्वांत कमी भावाला वर्दी देणाऱ्या घरमालकांनो, हे तुम्हालाही लागू.)

भाड्याच्या गाडीवरचा क्लीनर किती वर्षांचा आहे, लाकडी क्रेट बनवणाऱ्याकडे कोण राबतं, भिवंडीच्या गोदामात माणसं झोपतात तेव्हा कुलूप बाहेरून लागतं का, हे स्वतः जाऊन बघा. फोनवर कळत नाही. आणि माणसाशी बोलताना मुकादम शेजारी नको. ‘तुझ्यावर जबरदस्ती आहे का?’ असं विचाराल तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. ‘उद्या गावी जायचं ठरवलंस तर कुणाला विचारावं लागेल?’ असं विचारा. ‘अंगावर किती आहे?’ हेही विचारा. आकडा माहीतच नसेल, तर ते सर्वांत वाईट.

काही सापडलं, तर लगेच मुकादमाला झापू नका. रातोरात माणसं हलवली जातात. घाबरून त्यांना रात्रीच्या गाडीत बसवूनही देऊ नका. तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी कळवा. मूल असेल तर १०९८ ला, जिवाला धोका असेल तर ११२ ला फोन करा. प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळतं, आणि पुनर्वसनाच्या मदतीला ते लागतं. तातडीची मदत तीस हजार रुपयांपर्यंत आहे. माणूस त्याआधीच गावी पोचला तर चौकशी कुणाची करणार? तोवर त्याची त्या दिवसापर्यंतची मजुरी तुम्ही थेट त्याच्या हातात द्या. मुकादमाचं बिल मागाहून बघता येईल.