पिवळ्या गाठीचे मूळ

श्रोतेहो, नमस्कार. मूत्रपिंडाचा कर्करोग म्हणजे एकच आजार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गाठ मूत्रपिंडातल्या कोणत्या पेशीपासून निघाली, यावर तिचे नाव, तिची वाढ आणि तिचे उपचार ठरतात. ही पेशी नेमकी कोणती, हे ओळखण्यात वैद्यकाची सत्त्याहत्तर वर्षे गेली, ती हकीकत मला नेहमीच सांगावीशी वाटते.

1883 साली जर्मनीत पाउल ग्राविट्झ हे विकृतिशास्त्रज्ञ मूत्रपिंडातल्या गाठी तपासत होते. मूत्रपिंड तांबूस तपकिरी असते. ही गाठ कापली की आतून पिवळीधमक निघे. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी मात्र अशीच पिवळी आणि तिच्या पेशीही अशाच चरबीने भरलेल्या. तेव्हा गर्भावस्थेत या ग्रंथीचे कण मूत्रपिंडात अडकून राहत असावेत आणि पुढे त्यांचीच गाठ होत असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तर्क इतका देखणा होता की, काहींनी शंका घेऊनही तो पाठ्यपुस्तकांत टिकला आणि गाठीला ‘हायपरनेफ्रोमा’, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ, असे नावही मिळाले. अखेर 1960 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींवर ब्रशासारखी बारीक किनार दिसली. तशी किनार अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींना नसते. ती असते मूत्रपिंडातल्या, गाळलेले उपयुक्त पदार्थ परत शोषून घेणाऱ्या नलिकांच्या पेशींना. गाठ मूत्रपिंडाचीच होती. तरीही ‘ग्राविट्झची गाठ’ हे नाव पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. आजारांना माणसांची नावे देऊ नयेत, असे माझे जुने मत आहे. चूक दुरुस्त होते, पण नाव ठाण मांडून बसते.

याच गाठीला आज ‘क्लिअर सेल’ म्हणतात. तेलाचा डाग रॉकेलने निघतो, तशी काचपट्टी तयार करताना वापरलेल्या द्रावकांत पेशीतली चरबी विरघळून जाते आणि पेशी रिकामी, पारदर्शक दिसते. प्रौढांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगात बहुसंख्य गाठी नलिकांच्या पेशींच्या असतात आणि त्यांत क्लिअर सेल सुमारे सत्तर ते पंचाहत्तर टक्के. त्याखालोखाल पॅपिलरी, मग क्रोमोफोब. यातला क्रोमोफोब बहुधा संथ वाढतो. लघवी जिथे गोळा होते त्या पोकळीच्या अस्तरातून निघणारा कर्करोग मूत्राशयाच्या कर्करोगाच्या जातीचा असल्याने त्याची औषधेही वेगळी. लहान मुलांत आढळणारी विल्म्स गाठ आणखी निराळी आणि आज ती बहुतेक मुलांत बरी होते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा गुण असणाऱ्या, म्हणजे तो दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेल्या तरुणांत क्वचित दिसणारा मेड्युलरी प्रकार मात्र फार आक्रमक असतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ आढळतो, म्हणून त्याचा उल्लेख केला.

पुन्हा सांगतो, गाठ कोणत्या पेशीची, हे महत्त्वाचे. तपासणीच्या अहवालात हा प्रकार लिहिलेला असतो. तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा. आजकाल बऱ्याच गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात आणि गाठ लहान असेल तर पुष्कळदा तेवढाच भाग काढून उरलेले मूत्रपिंड राखता येते. लघवीतून रक्त गेले, दुखले मात्र काहीच नाही, तर उन्हाळी लागली असेल असे समजून सब्जाचे पाणी पीत थांबू नये. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली तरीही डॉक्टरांना दाखवावे.